बॉनेटवरची हळद

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कपड्यांची पावडर कालवलेली बादली घेऊन मी दारात आलो. साल २०११. गाडी घेऊन तीनच महिने झाले होते. पांढरीशुभ्र, छोटी, आमच्या घरातली पहिली. बॉनेटवर आईनं आदल्या दिवशी काढलेलं हळदीचं स्वस्तिक होतं, वायपरमध्ये झेंडूच्या पाकळ्या अडकल्या होत्या आणि पुढच्या चाकाखाली चिरडलेल्या लिंबाची साल पडली होती. हळद मार्केट यार्डातली, राजापुरी. सांगलीत राहून पुडीतली हळद वापरणं म्हणजे नदीकाठी राहून बाटलीतलं पाणी पिण्यासारखं, असं आई मानते.

फडकं बुडवलं आणि स्वस्तिकावर फिरवलं. पिवळं स्वस्तिक बघता बघता विटकरी लाल झालं. पुन्हा घासलं तर लाली आणखी पसरली. मी घाबरलोच. आई मागं तुळशीला पाणी घालत होती. तिनं मान वळवून बघितलं आणि म्हणाली, "झालं कुंकू!"

हळदीला क्षार लागला की ती लाल होते, आणि जुन्या पद्धतीचं कुंकू याच युक्तीनं करतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. कपड्यांच्या पावडरीत क्षारच असतो. मी आत जाऊन भांड्याची घासणी आणली. आई म्हणत होती, "अरे, उन्हात राहू दे. हळदीचा डाग लागलेली साडी आम्ही काय घासत बसतो होय? उन्हात टाकली की जातो." मी ऐकलं नाही. दहा मिनिटांत हळद गेली आणि तिच्या जागी पसाभर आकाराचा, धुरकट, गोल गोल रेघोट्यांचा पट्टा उमटला. तो पुढं बारा वर्षं तिथंच होता.

आईचं बरोबर होतं. हळदीला पिवळेपण देणारं द्रव्य उजेडात टिकत नाही. चार दिवसांच्या उन्हात ते स्वस्तिक आपसूक विरलं असतं, मला हातसुद्धा लावावा लागला नसता.

त्या पट्ट्यापायी मी मिरजेच्या एका पेंटरकडं गेलो. त्यानं बॉनेटवर नख फिरवलं आणि शिकवणीच घेतली. गाडीच्या रंगावर काचेसारखा एक पारदर्शक थर असतो. सगळी चमक त्याची, खालचा रंग नुसता रंग. हा थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पॉलिश मारतो म्हणजे आपण काही लावत नाही, त्या थरातलाच थोडा भाग झिजवून रेघोट्यांच्या कडा बुजवतो. "आता हे काढायचं म्हटलं तर थर पातळ हुतोय. किती वेळा पातळ करणार?" असं म्हणून त्यानं मला तसंच परत पाठवलं. पैसे मिळत असताना काम नाकारणारा कारागीर मी त्याआधी पाहिला नव्हता.

तेव्हापासून गाडीची घाण मी वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. काही घाण थांबू शकते, काही तासभरसुद्धा थांबू शकत नाही. कुठली कुठली हे कळायला मला बरीच वर्षं लागली, आणि त्यात आप्पांशी, म्हणजे वडिलांशी, भांडणं झाली ती वेगळीच.

आप्पा एसटीत ड्रायव्हर होते. खांद्यावर पिवळं फडकं ही त्यांची ओळख. गाडी पुसल्याशिवाय स्टार्टर मारायचा नाही, हा त्यांचा नेम. निवृत्तीनंतर एसटी सुटली, फडकं सुटलं नाही. रोज सकाळी साडेसहाला ते माझी गाडी कोरडी पुसायचे. टपापासून सुरुवात, मग काचा, मग दारं, शेवटी त्याच फडक्यानं चाकाच्या वाट्या. दुसऱ्या दिवशी तेच फडकं झटकून पुन्हा टपावर. मी म्हणायचो, "आप्पा, धूळ म्हणजे बारीक वाळू आहे, तुम्ही रोज पॉलिशपेपर मारताय." ते म्हणायचे, "मग काय बोडकी गाडी घेऊन हिंडायचं गावात? लोक काय म्हणतील, ड्रायव्हरचा पोरगा आणि गाडी बघा." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

हिवाळ्यात मात्र हे भांडण हातघाईवर यायचं. दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि हवेत काजळी उतरायला लागते. सांगलीकराला ती ओळखून द्यावी लागत नाही. दोरीवरच्या धुण्यावर, गच्चीतल्या सांडग्यांवर, गॅलरीतल्या फरशीवर बारीक काळे, हलके, वाकडे कण. फुंकर मारली तर उडतात, बोट लावलं तर काळी रेघ ओढतात. ही उसाच्या चिपाडाची, बगॅसची राख. ऊस जमिनीतून सिलिका ओढून घेतो, आणि चिपाड जळलं तरी सिलिका जळत नाही, ती राखेत उरते. उसाच्या फडातून नुसतं चालत गेलं तरी पानं दंड-पोटऱ्यांना कापतात, त्यात याच सिलिकेचा हात. तेच बॉनेटवर येऊन पडतं. त्यात पहाटेचं दव. दव आणि काजळी मिळून करडी पेस्ट होते आणि तिच्यावर आप्पांचं फडकं.

काजळी थांबू शकते. नुसती पडून राहिली तर ती रंगाचं फारसं काही बिघडवत नाही, बिघडवतो तो आपला हात. म्हणून आधी भरपूर पाणी सोडायचं, कण वाहून जाऊ द्यायचे, मगच कापड. हे पटल्यावर मी दोन बादल्या ठेवायला लागलो. एकीत गाडीचा शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. कापड गाडीवरून फिरवलं की आधी साध्या पाण्यात पिळायचं, मग शॅम्पूत बुडवायचं, म्हणजे तीच वाळू पुन्हा गाडीवर जात नाही. टपापासून खाली यायचं आणि खालच्या पट्ट्याला वेगळं कापड, कारण सगळ्यात जास्त वाळू तिथंच. आप्पा पायरीवर बसून हे बघायचे. एकदा म्हणाले, "गाडी धुतोयस का बारशाची तयारी चाललीय?"

कपड्यांची पावडर अर्थात कायमची सुटली. ती मेणाचा थर खरवडून नेते. दसऱ्याआधी आणि पावसाआधी असं वर्षातून दोनदा मी मेण लावतो. डबीवर कार्नाबा लिहिलेलं असतं. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवरचं ते मेण. कोरड्या उन्हात पानातलं पाणी उडू नये म्हणून झाडानं स्वतःसाठी केलेली सोय. ते मेण सांगलीतल्या बोळात एका ड्रायव्हरचा पोरगा गाडीच्या बॉनेटवर चोळतो, याची मला दर वेळी गंमत वाटते. अलीकडं सिरॅमिक कोटिंगचं वेड आलंय. दुकानदार सांगतात त्यानं खडासुद्धा लागत नाही. पाणी सुरेख घरंगळतं आणि घाण कमी चिकटते, एवढं खरं. डंपरच्या चाकातून उडालेला खडा मात्र असली जाहिरात वाचून येत नाही.

वॉशिंग सेंटरची एक आठवण इथंच सांगून टाकतो. गाडी रॅम्पवर चढली, खालून चिखल निघाला, आणि पोरानं विचारलं, "सायेब, डिझेल मारू का? चकाचक निघतीय." खालून चासीला, टायरला, इंजिनला डिझेलचा फवारा मारायची पद्धत आपल्याकडं बरीच आहे. तासभर काळं कुळकुळीत चमकतं. मग त्या तेलकटावर धूळ दुप्पट बसते आणि डिझेलनं रबर फुगतं ते फुगतंच. पहिल्या वर्षी मी हो म्हणालो होतो. दिसायला खरंच झकास दिसलं होतं.

द्राक्षाचा डाग मात्र फक्त आमच्याच जिल्ह्यात लागत असेल. तासगावकडं मामांची बाग आहे. ऑक्टोबर छाटणी झाली, कोवळी फूट आली आणि ढगाळ हवा झाली की डावणी रोगाच्या भीतीनं फवारणी सुरू. एका वर्षी मी बांधाला गाडी लावून पाहुणचारात रमलो. ट्रॅक्टरचा ब्लोअर शेजारच्या सरीतून गेला. चहा पिऊन आलो तर पांढऱ्या गाडीवर फिकट निळे ठिपके. बोर्डो मिश्रण, मोरचूद आणि चुना. मामा म्हणाले, "ते पावसानंबी जात नाही." जाणारच नाही. पावसातही पानाला चिकटून राहावं, यासाठीच तर ते फवारतात. १८८० च्या दशकात फ्रान्समधल्या बोर्दो भागातल्या द्राक्षमळ्यांत ते वापरात आलं, म्हणून हे नाव. मामी आतून व्हिनेगर घेऊन आल्या. भरपूर पाण्यात थोडंसं व्हिनेगर, मऊ कापड, दोन मिनिटं ठेवून धुतलं. चुना सुटला आणि त्याच्याबरोबर निळाईही गेली. ही घाण थांबण्यातली नव्हती, हे त्या दिवशी आपोआप ठरलं.

उन्हाळ्यात पाखरं. हरिपूर रस्त्याच्या चिंचा सगळ्यांना प्रिय, मलाही. पण त्या सावलीला गाडी लावायची तर खिशात ओलं फडकं हवं. पाखराच्या विष्ठेत युरिक आम्ल असतं. उन्हानं तापून वरचा पारदर्शक थर सैल होतो, संध्याकाळी थंड होताना तो त्या डागाभोवती आवळतो आणि विष्ठा काढल्यावरही तिचा साचा मागं उरतो. ही तासाभराचीही घाण नाही. ओलं फडकं त्यावर दोन मिनिटं ठेवून भिजवायची आणि उचलून घ्यायची. घासायची नाही.

बोअरच्या पाण्याचे डागही याच दिवसांतले. नदीकाठच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं उसाला पाणी पाजून पाजून जमिनी क्षारपड झाल्यात, पांढरा फेस आलेली रानं जाता-येता दिसतात. बोअरला तोच क्षार येतो. उन्हात गाडी धुतली की थेंब वाळतो आणि त्याच्या जागी पांढरं कडं उरतं. म्हणून गाडी संध्याकाळी धुवायची, शेवटचं पाणी नळाचं, आणि लगेच टिपून घ्यायची. कव्हरचं तर मला काही विचारूच नका. धुळीवर कव्हर टाकलं की वारा दिवसभर आप्पांचं फडकं फिरवतो.

वळवाचा पहिला पाऊस हवेतली सगळी धूळ घेऊन येतो आणि गाडी चिखलानं शिंपडल्यासारखी दिसते. लोक म्हणतात, पावसानं धुतली. तसं काही नसतं. पावसाळ्याआधी मी एकच काम नेमानं करतो. दारांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, तिथं खराट्याची काडी घालून साफ करतो. काचेच्या फटीतून दारात उतरलेलं पाणी त्या भोकांतून बाहेर पडतं. ती बुजली की पाणी आतच साचतं आणि दार आतून गंजत जातं. बाहेरून कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. पुढच्या काचेखालच्या जाळीतला पालापाचोळाही काढायचा, नाहीतर पाणी थेट पायाशी येतं. उंदरांसाठी इंजिनजवळ निपाणीची तंबाखू पुरचुंडीत बांधून ठेवतो. उपयोग होतो का? शेजारी म्हणतात होतो. तार एकदाच कुरतडली गेली आणि तेव्हाही पुरचुंडी तिथंच होती.

आता पूर.

सांगलीत पाऊस फार पडत नाही. पाऊस पडतो महाबळेश्वरला, कोयनेच्या आणि वारणेच्या खोऱ्यात, आणि पाणी येतं आमच्याकडं. १०५ टीएमसीचं कोयना धरण भरत आलं की गावभागातली माणसं एकमेकांना नमस्कार करायच्या ऐवजी विचारतात, "आयर्विनला किती?" कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ पासून उभा आहे. त्याच्याजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, हे इथं पोरांनाही पाढ्यासारखं पाठ असतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये, नागपंचमीच्या सुमारास, पाणी ४५ च्या पुढं गेलं तेव्हा मी गाडी काढली. हिशेब सोपा होता. २००५ च्या महापुराची पातळी ५४ फुटांच्या आत होती आणि त्याची खूण प्रत्येकाच्या भिंतीवर नाहीतर डोक्यात होती. एका मित्राच्या दारात तेव्हाचं पाणी पायरीलाही शिवलं नव्हतं. तिथं गाडी लावली, किल्ली खिशात टाकली आणि सामान माळ्यावर चढवायला घरी आलो. सगळ्या सांगलीनं तोच हिशेब केला होता. पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं.

आठवड्यानं गाडीपाशी पोचलो. स्टिअरिंगच्या उंचीला, काचेवर आडवी, पट्टीनं मारावी तशी सरळ रेघ. खाली सगळं मातीच्या रंगाचं. दार उघडलं तर आतून पाणी आलं, आणि तो वास. मित्र म्हणाला, "मारून तर बघ स्टार्टर." मी मेकॅनिकला फोन लावला. तो पलीकडून ओरडलाच, "किल्लीला हात लावू नका! बॅटरीचं टर्मिनल काढा आणि गप बसा." इंजिनात हवा दाबायची सोय असते. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर पिस्टन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पुढं विम्याचा सर्व्हेअर आला, त्याचा पहिलाच प्रश्न होता, "चालू केली होती का?" ऑइलची पट्टी काढून बघितली तर ऑइल दुधाच्या चहासारखं. तेव्हा पुन्हा एकदा त्या ओरडण्याचे आभार मानले.

जिला मी आठ वर्षं हात लावू नको, हात लावू नको म्हणत होतो, त्या गाडीला आता हातच हात लावायचे होते आणि तेही घाईनं. गाळ ओला आहे तोवर पाण्याबरोबर निघतो. वाळला की गिलाव्यासारखा धरतो. हे नदीकाठच्या बायकांना पिढ्यांपासून माहीत आहे. पाणी उतरत असतानाच त्या खराट्यानं घरातला गाळ त्याच पाण्याबरोबर बाहेर ढकलतात, पाणी निघून गेल्यावर नाही. आमचं घर आईनं तसंच वाचवलं होतं. गाडीचा मात्र क्रेनसाठी नंबर लागायलाच चार दिवस गेले.

सीटा काढल्या. कार्पेट काढलं, त्याखालचा फोम भिजलेल्या पावासारखा होता. तळाला रबरी बुचं असतात, ती काढल्यावर राहिलेलं पाणी निघालं. सीटा गच्चीवर, दारं सताड उघडी. वायरिंगचे कनेक्टर एकेक उघडून साफ केले, काही बदलले. आईनं रोज संध्याकाळी गाडीत उदाची धुपाटणी फिरवली. आणि आप्पांनी तेच पिवळं फडकं घेऊन डॅशबोर्डच्या फटीतून, दारांच्या कडांतून, ग्लोव्ह बॉक्समधून गाळ टिपून काढला. दिवसभर, तीन दिवस. मी काही बोललो नाही. कोरडं फडकं का ओलं, हेसुद्धा बघितलं नाही.

त्या दिवसांत गाडीबद्दल बोलायची लाजच वाटायची. बोळाच्या तोंडाशी गाद्यांचे, फुगलेल्या कपाटांचे, वह्या-पुस्तकांचे ढीग पडले होते. जमिनीखाली हळद साठवायची हरिपूरची पेवं आधीच्या पुरानं गेली होती, या पुरानं माणसांची दुकानंच्या दुकानं नेली. त्यात माझ्या बॉनेटवरचा पसाभर पट्टा तेवढा जसाच्या तसा होता. पुरानंही त्याला हात लावला नव्हता.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा वर यायला लागलं तेव्हा ४० ला मी गाडी सरळ मिरजेला नेऊन लावली. कुणाच्या खुणांवर भरवसा ठेवला नाही.

गाडी विकली ती बारा वर्षांनी. घ्यायला जतचे एक गृहस्थ आले, पांढरी टोपी, बरोबर मुलगा. पुरात होती हे मी फोनवरच सांगून टाकलं होतं. विकायच्या आधी दोन दिवस मी ती जन्मात धुतली नसेल अशी धुतली होती. त्यांनी टायर बघितले, बॉनेटवरच्या पट्ट्यावर बोट फिरवून "घासणी मारली व्हय कुणी?" असं विचारलं, आणि मागच्या सीटवर बसून सीटबेल्ट ओढायला लागले. तो कुणी पुरता ओढत नाही. अर्ध्यात लावतो आणि सोडतो. त्यांनी शेवटपर्यंत ओढला. शेवटच्या वीतभर भागात तपकिरी, आडवी रेघ होती आणि घडीत वाळलेला गाळ.

मी गप्प. त्यांनी नखानं तो गाळ खरवडला, तळहातावर घेतला, चिमटीत चुरला, उन्हात धरून बघितला.

"चांगला आहे हो गाळ," ते म्हणाले. "आमच्याकडं तळ्यातला असला गाळ ट्रॉलीनं आणून रानात टाकतोय आम्ही."

मग हात झटकले आणि म्हणाले, "पाच हजार कमी करा."